फुलपाखरी जोडसुरे निवडताना आधी मूठ पाहावी

विंग चुन ही दक्षिण चीनमधली युद्धकला शिकणाऱ्याच्या हातात जोडसुरे येतात ते अगदी शेवटी. सिउ निम ताउ, चुम किउ आणि बिउ जी हे रिकाम्या हाताचे तीन क्रम (ठरलेल्या हालचालींच्या मालिका), लाकडी पुतळ्यावरचा सराव, लांब काठी, आणि हे सगळे अंगात मुरल्यावर ‘बात जाम दो’, म्हणजे ‘आठ छेदांचे सुरे’, अशी चढण बहुतेक शाखांमध्ये असते. इतकी वर्षे थांबलेला माणूस एकदाचा सुरे विकत घ्यायला बसतो, तेव्हा त्याची नजर साहजिकच पात्यावर खिळते. पाते रुंद घ्यावे की अरुंद, टोक अणकुचीदार असावे की कोयत्यासारखे बोथट, पोलाद कोणते, चकाकी किती, यांवर तो महिनाभर विचार करतो आणि मुठीचा विचार मात्र सुरे घरी पोहोचल्यावर, बोटांची सालटी निघू लागल्यावर करतो. मीही हेच केले होते. या लेखात सुऱ्याची पाहणी मुठीकडून टोकाकडे केली आहे, कारण हे शस्त्र हातात नीट फिरणार की नाही याचा निकाल मुठीपाशीच लागतो.

आधी नावाचा घोळ मिटवून घेऊ. चिनी भाषेत एकाच बाजूने धार असलेल्या हत्याराला ‘दाओ’ आणि दोन्ही बाजूंनी धार असलेल्याला ‘जिआन’ म्हणतात. ग्वांगदोंग प्रांताच्या कँटोनीज बोलीत ‘दाओ’चा उच्चार ‘दो’ असा होतो. भाजी चिरायची रुंद सुरी दाओच असते आणि शिपायाची वाकडी तलवारही दाओच असते, त्यामुळे आपल्या जोडहत्याराला आखूड तलवार म्हणावे की मोठा सुरा, हा वाद त्या भाषेत उद्भवतच नाही. त्याचे प्रचलित नाव ‘वू दिप सेउंग दो’, म्हणजे फुलपाखरी जोडदाओ, असे आहे. हुंग गार या दक्षिण चीनमधल्याच दुसऱ्या युद्धकलेत ‘जी मो सेउंग दो’, म्हणजे मायलेकरांची जोडी, असेही नाव आढळते. घोळ होतो तो इंग्रजीतून आलेल्या ‘बटरफ्लाय नाइफ’ या शब्दामुळे. त्या शब्दाचा खरा धनी फिलिपिन्समधला, दोन दांड्यांत पाते घडी होणारा बालिसाँग हा चाकू आहे आणि त्याचा या सुऱ्यांशी काडीचाही संबंध नाही. तरीही शोधयंत्रावर हा शब्द टाकला की दोन्ही हत्यारे एकाच ताटात वाढलेली दिसतात. ब्रिटनसारख्या देशात बालिसाँग १९८८ पासून बंदी घातलेल्या हत्यारांच्या यादीत आहे, म्हणून तिथे राहणाऱ्या मराठी साधकाने मागणी नोंदवताना नाव जपून लिहिलेले बरे.

हे सुरे मुळात पर्ल नदीच्या खोऱ्यातले, म्हणजे ग्वांगझोऊ, फोशान आणि त्यांच्या आसपासच्या गावांचे आहेत. पहिल्या अफूच्या युद्धाच्या काळात, १८३९ ते १८४२ या वर्षांत, ग्वांगदोंगमध्ये गावोगावच्या तरुणांची जी नागरी पथके उभी राहिली त्यांच्या हातांत जोडसुरे होते, आणि त्या मोहिमेवर आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांची वर्णने लिहून ठेवली आहेत. एकाच म्यानात दोन पाती कशी बसतात याचे नवल त्यांनाही वाटले होते. भिक्षू हे सुरे बुटात किंवा बाहीत लपवून फिरत, ही कथा पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. ती ऐकायला छान आहे, पण त्या शतकातल्या आज उरलेल्या कित्येक जोड्यांची पाती सव्वा ते दीड फूट लांब आहेत, आणि एवढे पाते बुटात घालून चालणाऱ्या माणसाची चाल कशी दिसेल याची कल्पना वाचकांनीच करावी. हा इतिहास इथे सांगण्याचे कारण एवढेच की आज बाजारात मिळणारा आखूड, रुंद पोटाचा सुरा हाच ‘परंपरेतला खरा’ सुरा आहे, असे विक्रेता सांगू लागला तर ते ऐकून घ्यावे आणि निवड आपल्या हातावरून करावी.

आता मुठीकडे वळू. मराठीत तलवारीच्या मुठीसमोर बोटांचे रक्षण करणाऱ्या कमानीला परज म्हणतात. तोच शब्द इथेही चालेल. फुलपाखरी सुऱ्याची परज बहुधा पितळेची किंवा पोलादाची असते. पात्याच्या बुडापासून निघून ती मुठीच्या खालच्या टोकापर्यंत अर्धवर्तुळात जाते आणि चार बोटे तिच्या आत राहतात. तिच्या विरुद्ध बाजूला, पात्याच्या पाठीकडे, एक छोटा आकडा टोकाच्या दिशेने वळलेला असतो. समोरच्याचे हत्यार पाठीवरून घसरत आले की ते या आकड्यात अडकवून पिळता येते, आणि याच आकड्यापाशी आपला अंगठा टेकतो. दांडपट्टा पाहिलेल्या माणसाला यातला फरक चटकन कळेल. पट्ट्याच्या खोबळ्यात हात कोपराच्या दिशेने झाकला जातो, पण मनगट जखडले जाते आणि सगळे वार खांद्यातून व कोपरातून येतात. इथे संरक्षण फक्त बोटांपुरते आहे आणि मनगट पूर्ण मोकळे आहे. सुऱ्याचा सगळा खेळ या मोकळ्या मनगटावर चालतो.

त्या खेळातली सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे पकड उलटी करणे. काही शाखांत हे क्रमामध्ये वारंवार येते, काहींत अजिबात येत नाही. ज्यांच्याकडे येते ते चारही बोटे क्षणभर सैल सोडतात, अंगठा आकड्यापाशी पकड राखून असतो, आणि सुरा त्या अंगठ्याभोवती फिरून त्याचे पाते हाताच्या बाहेरच्या अंगाने कोपराकडे वळते. हे सगळे एका श्वासाच्या आत व्हायला हवे. परज आणि मूठ यांच्यामधली जागा अपुरी असली की बोटांची पेरे कमानीवर आपटतात, सुरा अर्ध्यावर अडकतो आणि आपण तो दुसऱ्या हाताने सरळ करत बसतो. जागा फाजील असली की सुरा फिरतो खरा, पण वार अडवताना मुठीत डुगडुगतो, आणि तो डुगडुगू नये म्हणून आपण मूठ नकळत आवळून धरतो. असे आवळून धरल्याने तासाभरात मनगटापासून कोपरापर्यंत दुखू लागते, आणि शिकणाऱ्याला वाटते की सुरे जड आहेत.

माप घेण्याची साधी रीत अशी आहे. जाड पुठ्ठ्यावर सुऱ्याच्या मुठीची व परजेची आकृती मूळ मापात काढावी, आतली जागा कापून काढावी आणि त्या खिडकीत आपली मूठ घालून पाहावी. विक्रेत्याने मापे दिलेली नसतील तर मागून घ्यावीत, आणि तो देत नसेल तर दुसरा विक्रेता शोधावा. परजेची आतली उंची आपल्या तळहाताच्या रुंदीपेक्षा थोडी अधिक हवी, म्हणजे करंगळी आणि तर्जनी दोन्ही कडांना घासणार नाहीत. खोली, म्हणजे मूठ आणि कमान यांमधले अंतर, मुठीभोवती गुंडाळलेल्या बोटांच्या जाडीपेक्षा साधारण एक सेंटिमीटर जास्त असावे. हिवाळ्यात किंवा जोडीदाराबरोबरच्या सरावात हातमोजे घालणार असाल तर मोजा घालूनच माप घ्यावे. बाजारातल्या परजा बहुतेक एकाच मापाच्या असतात, त्यामुळे लहान हाताच्या मुली आणि मोठ्या पंजाचे पुरुष दोघेही कुरकुरतात. मूठ जाड असेल तर सुताराकडून तासून घेता येते, परंतु ओतीव पितळेची कमान वाकवायला गेल्यास ती तडकते, म्हणून परजेचे माप आधीच जुळलेले असले पाहिजे.

परजेइतकेच महत्त्व मुठीच्या छेदाला आहे. मूठ आडवी कापली असता तिचा आकार अंड्यासारखा लांबट दिसला पाहिजे. पूर्ण गोल मूठ हातात फिरते आणि धार कोणत्या दिशेला आहे हे बोटांना न पाहता कळत नाही. इथे जोडीचा एक खास प्रश्न येतो. जुन्या पद्धतीत दोन्ही सुरे एकाच म्यानात, एकमेकांना चिकटून राहतात, आणि त्यासाठी प्रत्येक मुठीची आतली बाजू सपाट व बाहेरची बाजू फुगीर असते. दोन्ही एकत्र धरले की बाहेरून एकच मूठ, एकच शस्त्र वाटते. म्यानातून एका हाताने एकत्र काढायचे आणि हवेत विलग करायचे, ही त्या रचनेची गंमत आहे. याचा अर्थ असा की अस्सल जोडीतले दोन सुरे एकसारखे नसतात. ते डाव्या-उजव्या चपलांसारखे एकमेकांचे आरशातले रूप असतात.

हे मला कागदावर माहीत होते, तरी फटका बसायचा तो बसलाच. पहिली लाकडी जोडी मी ओळखीच्या सुताराकडून शिसवी लाकडात करून घेतली. पुठ्ठ्याचा एकच साचा कापून त्याला दिला आणि ‘असे दोन’ म्हणून सांगून आलो. आठवड्याने त्याने दोन सुंदर, गुळगुळीत, पॉलिश केलेले सुरे हातात ठेवले, आणि दोन्ही उजव्या हाताचे होते. सपाट बाजू दोघांचीही डावीकडेच आलेली होती. डाव्या हातात धरला की ती सपाट कड नेमकी अंगठ्याच्या बुडाशी टोचायची. दोष सुताराचा नव्हता, साचा उलटा करून दुसरा काढायला मी सांगितलेच नव्हते. त्याने ती कड रंध्याने उतरवून दिली आणि तेव्हापासून माझ्या डाव्या सुऱ्याची मूठ उजव्याहून दोन मिलिमीटरने बारीक आहे. म्यानाचा हट्ट नसेल तर दोन्ही मुठी पूर्ण लांबट-गोल आणि म्यानात मध्ये पडदा, ही आजची रचना सरावासाठी अधिक सुखाची आहे, असे माझे मत झाले ते या प्रकरणानंतर.

मूठ जुळली की लांबीकडे यावे. इथली कसोटी टेपेने घ्यायची नसून कोपराने घ्यायची आहे. सुरा उलट्या पकडीत धरून पाते हाताच्या कडेने टेकवावे आणि टोक कुठे येते ते पाहावे. ते कोपरापाशी किंवा त्याच्या अलीकडे थांबले तर लांबी योग्य आहे. कोपराच्या चार बोटे पुढे गेले तर कोपर वाकवताच टोक दंडाला किंवा बरगडीला लागेल. साडेपाच फूट उंचीच्या माणसासाठी हे माप साधारण ११ ते १२ इंचांच्या पात्यावर येते, आणि बाजारातले बहुतेक सुरे याच लांबीचे असतात. ज्यांच्या शाखेत पकड उलटी होत नाही त्यांना ही मर्यादा लागू होत नाही. त्यांनी हवे तर १४ इंचांपर्यंत जावे, पण दोन्ही हात छातीसमोर फुली मारून जातात त्या हालचालीत एका सुऱ्याचे टोक दुसऱ्या हाताच्या दंडाला स्पर्श करते का, हे लाकडी पट्टी हातात धरून आधी तपासावे. ही फुली जवळपास सर्वच क्रमांत असते आणि नवशिक्याला पहिली जखम बहुधा तिथेच होते.

पात्याच्या आकाराचे साधारण दोन घाट आहेत. एक घाट टोकाकडे रुंद होत जाणारा, पोट सुटलेला, तोडण्यासाठीचा. दुसरा मुठीपासून टोकापर्यंत जवळपास सारखा किंवा निमुळता, भोसकण्यासाठीचा. विंग चुनच्या बाजारात पहिला अधिक दिसतो, जुन्या संग्रहांत दुसराही भरपूर आढळतो, आणि ‘खरे विंग चुन’ कोणत्या पात्याचे, या वादात पडण्यात अर्थ नाही. आपल्या गुरूच्या क्रमात तोडण्याच्या हालचाली जास्त आहेत की टोक पुढे घालण्याच्या, हे पाहून घाट ठरवावा. विंग चुनमध्ये सुऱ्याची पाठ अडवण्यासाठी वापरली जाते, म्हणून पाठ सरळ असलेली बरी. काही परंपरांत मुठीजवळचे अर्धे पाते मुद्दाम बोथट ठेवतात, तेही याच कारणाने.

वजनाविषयी मात्र थोडे थांबून बोलायला हवे, कारण इथेच विक्रेत्याचा आकडा सर्वाधिक फसवतो. सरावाचे पोलादी सुरे प्रत्येकी साधारण अर्धा ते पाऊण किलोचे असतात, आणि जाहिरातीत तोच आकडा दिलेला असतो. परंतु हाताला जाणवते ते नुसते वजन नसते, ते वजन मुठीपासून किती दूर आहे हेही त्यात येते. ऊस तोडायचा कोयता आणि त्याच वजनाचा हातोडीचा दांडा एकामागून एक मनगटाने फिरवून पाहिल्यास हे चटकन उमगते. फिरणाऱ्या वस्तूच्या बाबतीत हा परिणाम अंतराच्या वर्गाच्या पटीने वाढतो. मनगटापासून १५ सेंटिमीटरवर असलेले ५० ग्रॅम पोलाद ३० सेंटिमीटरवर नेले, तर तराजूवर काहीच फरक पडत नाही, पण फिरवायला ते चौपट अवघड होते. रुंद पोटाच्या सुऱ्यात नेमके हेच घडते. म्हणून ६५० ग्रॅमचा एक सुरा मनगटात पिसासारखा फिरतो आणि ५५० ग्रॅमचा दुसरा कोपर दुखवतो.

यावरचा जुन्या लोहारांचा उपाय पात्याच्या जाडीत होता. जुन्या चांगल्या सुऱ्याची पाठ मुठीपाशी जाड असते आणि टोकाकडे जाता जाता पातळ होते. घडाईत हे हातोड्याने आपोआप साधता येते. आजचे स्वस्त सुरे एकाच जाडीच्या पत्र्यातून कापलेले असतात, त्यामुळे त्यांचे टोक अकारण जड राहते. छायाचित्रात हे कधीच दिसत नाही. सुरा हातात घेऊन पाठीकडून, डोळ्याच्या रेषेत धरून पाहिला की लगेच दिसते. विक्रेत्याकडून एकच छायाचित्र मागायचे असेल तर ते पाठीचे मागावे. तोल तपासायला सुरा तर्जनीवर आडवा ठेवून तो कुठे स्थिरावतो ते पाहावे. परजेच्या पुढे दोन ते पाच सेंटिमीटरवर तोल येत असेल तर सरावाला योग्य. त्याहून पुढे असेल तर तोडण्याचा जोर वाढतो, पण पकड उलटी करण्याचे काम तेवढेच कठीण होते. दोन्ही सुऱ्यांचा तोल एकाच जागी आहे ना, हेही पाहावे. जोडीतल्या दोघांत ३० ग्रॅमचा फरक असला तरी डावा हात तो पहिल्याच दिवशी ओळखतो.

कोणत्या पदार्थाचे सुरे आधी घ्यावेत, याचे उत्तर मी न कचरता देतो. पहिले वर्ष लाकडाचे किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे घ्यावेत. लाकडी सुऱ्यात परज बऱ्याचदा नसते किंवा नुसता ठोकळा असतो, तर चांगल्या प्लास्टिकच्या सुऱ्यात परज पूर्ण असते, आणि परजेशिवायचा सराव हाताला चुकीची सवय लावतो. म्हणून दोन्हींत प्लास्टिकला झुकते माप. जोडीदाराबरोबर सराव करताना तर तेच असावे, तेही डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालून. त्यानंतर ॲल्युमिनियम. त्याला वजन असते, आवाज असतो, धार येत नाही, मात्र दोन सुरे एकमेकांवर आपटले की कडांना दाते पडतात. ते दाते बारीक कानसने घासून टाकावे लागतात, नाहीतर पुढच्या आठवड्यात त्यांवर तळहात फाटतो. वुशूचे, म्हणजे चिनी युद्धकलेच्या प्रदर्शनी प्रकाराचे, पातळ, थरथरणारे, चकचकीत पत्र्याचे सुरे रंगमंचावर आवाज छान करतात, पण त्यांत वजनाचा धडा मिळत नाही.

पोलाद घ्यायचे ते बोथट, निदान तीन मिलिमीटर जाडीच्या कडेचे आणि गोल केलेल्या टोकाचे. स्टेनलेस की कार्बन, हा प्रश्न महाराष्ट्रात तरी हवामानाकडे पाहून सोडवावा. कार्बन पोलाद चिवट असते, आघात पचवते, पण त्याला गंज लवकर चढतो. स्टेनलेस गंज कमी धरते, मात्र कडक केलेले स्टेनलेस पाते दुसऱ्या पात्यावर जोरात आदळले तर कडेचा तुकडा उडण्याची भीती अधिक. एकट्याने क्रम करणाऱ्या मुंबई-रत्नागिरीकडच्या माणसाने निःशंकपणे स्टेनलेस घ्यावे. सुऱ्यावर सुरा आपटणाऱ्याने स्प्रिंग पोलाद, म्हणजे लवचीक कार्बन पोलाद, घ्यावे आणि तेलाची बाटली जवळ ठेवावी. जुन्या काळी कडक पोलादाची पट्टी मऊ लोखंडाच्या दोन थरांमध्ये घालून पाते घडवत, म्हणजे धार कडक आणि अंग चिवट राही. आज त्याच रचनेच्या नावाखाली पात्यावर आम्लाने नुसत्या लाटा उमटवून विकतात. त्या लाटांसाठी जादा पैसे देऊ नयेत.

विकत घेताना एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे मुठीच्या आत गेलेला पात्याचा भाग. तो मुठीच्या पूर्ण लांबीतून जाऊन खालच्या टोकाला ठोकून बसवलेला किंवा घट्ट नटाने आवळलेला असावा. स्वस्त सुऱ्यांत पाते परजेच्या वर संपते आणि त्याला पातळ सळई डागून ती मुठीत खुपसलेली असते. असा सुरा कधी ना कधी डागाच्या जागी तुटतो, आणि तुटलेले पाते कुठल्या दिशेने जाईल हे कोणाच्याच हातात नसते. तपासायला मूठ एका हातात सैल धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने पात्याच्या पाठीवर हलका ठोसा द्यावा. घंटेसारखा एकच स्वच्छ नाद आला तर ठीक. खुळखुळ किंवा दुहेरी टकटक ऐकू आली तर आत काहीतरी सैल आहे. मग परज दोन बोटांत धरून हलवून पाहावी. ती केसभरही हलत असेल तर सुरा परत करावा, कारण ती पुढे जास्तच हलणार आहे.

भारतात राहणाऱ्या वाचकांसाठी कायद्याची बाजू टाळता येत नाही. शस्त्र कायदा, १९५९ खालच्या नियमांत तलवारी, खंजीर यांच्या जोडीला ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामासाठी घडवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. अशी हत्यारे बाळगण्यास परवाना कुठे लागतो हे त्या त्या भागाला लागू असलेल्या अधिसूचनेवर ठरते. आपला ११ इंचांचा सुरा लांबीत या व्याख्येत सरळ बसतो, आणि तो शेतीसाठी घडवला आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. धार लावलेली नाही एवढ्याने सुटका होते, असेही समजू नये, कारण कायद्यातली सूट ज्यांचे खऱ्या हत्यारात रूपांतर होऊच शकत नाही अशा खेळण्यांना आहे, आणि बोथट पोलादाला कोपऱ्यावरचा धारवालाही दहा मिनिटांत धार लावून देतो. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणासुदीच्या व निवडणुकीच्या दिवसांत हत्यारे घेऊन फिरण्यावर बंदीचे आदेश निघत असतात. तेव्हा पोलाद मागवण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे, परदेशातून मागवण्याआधी सीमाशुल्काचेही पाहावे, आणि वर्गाला जाता-येता लोकलमध्ये पिशवीत प्लास्टिकचेच सुरे असावेत. ॲल्युमिनियमच्या सुऱ्यांची मूठ पिशवीबाहेर डोकावली की शेजारच्या प्रवाशाला त्यांचा पदार्थ कळत नाही, त्याला फक्त सुरा दिसतो.

जागेचा विचारही खरेदीपूर्वीच करावा. पसरलेला हात आणि पाते मिळून खांद्यापासून सुमारे एक मीटर होतात, म्हणजे वळण्यासाठी अडीच मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते, आणि आपल्या सदनिकांमध्ये या वर्तुळाच्या नेमके वर पंखा असतो. पहिल्या महिन्यात पंखा बंद ठेवून, पायांत बूट घालून सराव करावा. सुरा निसटला तर तो झेलायचा नाही, पाय मागे घेऊन पडू द्यायचा, हे आधीच मनाला बजावून ठेवावे. निसटणारी वस्तू झेलण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असते आणि ती मोडायला पोलाद हाती येण्यापूर्वीचे प्लास्टिकचे वर्ष उपयोगी पडते.

जोडीबरोबर बहुधा चामड्याचे म्यान येते. ते नेण्याआणण्यापुरते वापरावे, सुरे त्यात साठवून ठेवू नयेत, कारण चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेल्या रसायनांचा अंश त्यात राहिला तर पाते आतल्या आत काळवंडते. सराव संपला की घामाचा हात लागलेले पाते कोरड्या फडक्याने पुसून त्यावर मशीनच्या तेलाचा एक पातळ हात फिरवावा. मुठीच्या लाकडाला मात्र जवसाचे तेल लावावे, कारण मशीनचे तेल लाकडात मुरून मूठ बुळबुळीत करते. पावसाळ्यात पितळी परजेवर हिरवट पूड धरते, ती चिंचेच्या कोळाने निघते, पण नंतर पाणी नीट टिपून घ्यावे, विशेषतः परज आणि पाते जिथे मिळतात त्या फटीतले. माझ्या पोलादी जोडीला गंज चढला तो तिथेच, आणि तो दिसला सप्टेंबरमध्ये, परज पहिल्यांदा डुगडुगली तेव्हा.